विजेचा तंबोरा

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणारा रस्ता हुणसूर ओलांडून पुढे गेला की पिरियापट्टण लागते. तालुक्याचे साधे गाव. आजूबाजूला तंबाखूची शेती आणि पलीकडे कोडगूच्या डोंगरांची चाहूल. याच तालुक्यात बेट्टदपुर नावाचे एक गाव असून तेथील डोंगरमाथ्यावर मल्लिकार्जुनाचे जुने देवालय आहे. कानडी लोक त्याला ‘सिडिलु मल्लिकार्जुन’ म्हणतात. सिडिलु म्हणजे आकाशातून कोसळणारी वीज. ती या देवाच्या भेटीला येते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. तेथून थोड्या अंतरावर, शेजारच्या हासन जिल्ह्यात, कावेरीच्या काठी रुद्रपट्टण वसले आहे. पिढ्यान् पिढ्या गायक-वादक देणारे हे गाव. सप्तस्वरांच्या उपासनेसाठी तेथे एक मंदिर उभारले आहे आणि त्याचा आकार तंबोऱ्याचा आहे.

एका बाजूस विजेचा देव आणि दुसऱ्या बाजूस तंबोऱ्याचे मंदिर. या दोघांची भेट आज एका लहानशा पेटीत झालेली दिसते. आपल्यापैकी कोणाच्या घरी मूल गाणे शिकत असेल, तर ती पेटी आपणांस परिचित असेलच. बटण दाबावे, खुंटीसारखी कळ थोडी फिरवावी, आणि षड्ज-पंचमाचा झंकार खोलीत सुरू व्हावा! तंबोरा धरून बसणारे कोणी नको, तार तुटण्याची भीती नको. पण ही पेटी आली कोठून, ती बोलते कशी, आणि गाणाऱ्याच्या कानाला तिचा लाभ होतो की हानी, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो येथे थोडक्यात करू.

चार तारांचे रहस्य

तंबोऱ्याला चार तारा. पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. इतकी साधी रचना असूनही त्यातून निघणारा नाद एवढा भरलेला का वाटतो? याचे उत्तर घोडीत आहे. तंबोऱ्याची घोडी धारेसारखी टोकदार नसून रुंद आणि किंचित उतरती असते. तार तिच्यावर हलकेच टेकत, सुटत कंप पावते. तारेखाली सुताचा धागा नेमक्या जागी सरकविला की जवारी उघडते आणि एका तारेतून अनेक स्वर एकापाठोपाठ एक उमलू लागतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना या घोडीचे इतके नवल वाटले की त्यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. साध्या तारेत जे उपस्वर उमटू नयेत असे पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचे गणित सांगत होते, ते या घोडीमुळे स्पष्ट उमटतात, हे त्यांनी दाखवून दिले.

एक उदाहरण घेऊ. खर्जाची तार दर सेकंदास १२० वेळा कंप पावत आहे असे समजा. तिच्यातून १२० च्या पटीतील कंपही निघतात : २४०, ३६०, ४८०, ६००. यांतील २४० हा मधला षड्ज, ३६० हा पंचम, आणि ६०० म्हणजे चक्क तारसप्तकातील शुद्ध गंधार. गंधाराची तार तंबोऱ्यावर नाही; तरी शांतपणे ऐकणाऱ्याला तो ऐकू येतो. जुने गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणत. तो ऐकू येऊ लागला म्हणजे तंबोरा लागला, अशी त्यांची खूण असे.

येथेच पेटीवाल्या स्वरांशी तंटा सुरू होतो. नेहमीच्या हार्मोनियमवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. षड्ज २४० असेल तर आपला शुद्ध गंधार ३०० चा. हार्मोनियमचा मात्र सुमारे ३०२.४ चा. फरक दिसायला क्षुल्लक; पण दोन्ही स्वर एकत्र धरले की त्यांच्या उपस्वरांची टक्कर होऊन सेकंदाला नऊ-दहा ठोके ऐकू येतात. नाद थरथरतो. पंचमात हा फरक इतका थोडा असतो की सेकंदाला एखादाच ठोका पडतो. म्हणून हार्मोनियमचा पंचम खपून जातो आणि गंधार खटकतो.

मिरज, सांगली आणि म्हैसूर

हा तंटा मिटविण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याच मुलखात झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर होते. त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. न्यायखात्यातील इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांस मिळाले. प्रत्यक्ष गळ्यातून श्रुती दाखविण्यासाठी त्यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य घेतले. या खटाटोपातून श्रुति-हार्मोनियम तयार करविण्यात आली. ती प्रचारात रुळली नाही. पण प्रश्न मात्र कायमचा मांडला गेला. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, तिच्यामागेही हाच स्वरांचा वाद होता. अगदी अलीकडे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध करून तो धागा पुन्हा हाती घेतला आहे.

खाँसाहेब मिरजेचे रहिवासी. परंतु म्हैसूरच्या दरबारात त्यांचे वारंवार जाणे असे आणि कर्नाटक संगीताची गोडी त्यांस तेथेच लागली. मिरज ही तंबोरे घडविणाऱ्यांची पेठ आणि म्हैसूर ही संगीताला आश्रय देणारी राजधानी. या दोन गावांमधील स्वरांची ये-जा जुनी आहे.

म्हैसूरने आणखी एक गोष्ट केली. तेथील महाविद्यालयात मानसशास्त्र शिकविणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी अवघ्या ३० वॉटचा ध्वनिक्षेपक बसवून नभोवाणी केंद्र सुरू केले. बल्बला लागावी एवढीच शक्ती! सरकारी मदत नाही, मोठे भांडवल नाही. एका अध्यापकाची हौस आणि चिकाटी एवढ्यावर ते चालले. त्या केंद्राचे नाव होते ‘आकाशवाणी’. म्हैसूर संस्थानाने ते पुढे आपल्याकडे घेतले, आणि पन्नाशीच्या दशकात तेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीला मिळाले. घरच्या टेबलावर जुळविलेल्या यंत्रातून किती दूरवर आवाज जाऊ शकतो, याचा याहून चांगला दाखला कोणता?

विजेची वाद्ये

विजेपासून स्वर काढण्याची कल्पना मात्र रशियात प्रथम फळाला आली. लेव तेरमेन या तरुण शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास असे वाद्य बनविले की ज्याला स्पर्शच करावयाचा नसतो. दोन धातूच्या दांड्यांजवळ हात हलवावा. एक हात स्वर चढवितो-उतरवितो, दुसरा त्याचा जोर सांभाळतो. या वाद्याला पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. सारी मींडच मींड. ते पाहून अमेरिकेतील रॉबर्ट मूग नावाच्या मुलाला वेड लागले. त्याने नियतकालिकांतील आकृत्या वाचून तेरमेनची वाद्ये घरी बनविली, १९५४ साली त्यावर लेख लिहिला, पुढे सुट्या भागांचे संच विकले. हाच मूग १९६४ साली सिंथेसायझरचा एक जनक ठरला. घरगुती खटपटीतून विद्या कशी वाढते ते यावरून दिसेल.

सिंथेसायझर म्हणजे तरी काय? त्याचे तीन मुख्य अवयव ध्यानात ठेवले की पुरे. पहिला आंदोलक, तो विजेची लाट निर्माण करतो. दुसरी गाळणी, ती त्या लाटेतील नकोसे उपस्वर काढून टाकते आणि आवाजाला रंग देते. तिसरा स्वराचा जन्म, स्थिती आणि लय ठरविणारा भाग. आवाज तारेसारखा छेडल्यासारखा निघावा की बासरीसारखा फुलत यावा, हे तो ठरवितो. तंबोऱ्यात तार, भोपळा आणि बोट ही जी कामे करतात, तीच येथे विजेकडे सोपविलेली असतात.

आपल्याकडे हा आवाज घरोघरी पोचला तो १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातून. त्यातील गाजलेली पुंगी खऱ्या भोपळ्याची नव्हती. हेमंतकुमार यांच्या त्या संगीतात कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लॅव्हिओलिन नावाचे, फ्रान्समध्ये १९४७ साली निघालेले, विजेचे वाद्य वाजविले होते. साऱ्या देशाने ती पुंगी खरी मानली!

पुढे १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आणून विद्युत्-संगीताचा स्टुडिओ उभारण्यात आला. न्यूयॉर्कचे संगीतकार डेव्हिड ट्युडर तो बसविण्यासाठी आले होते. गीता साराभाई यांचा त्यात पुढाकार होता. काही वर्षे तेथे भारतीय तरुणांनी ध्वनिफिती तयार केल्या. नंतर सारे शांत झाले आणि त्या फिती कपाटात पडून राहिल्या. २०२३ साली त्या प्रकाशित झाल्या तेव्हा जगाला कळले की भारतातही हा प्रयोग त्या काळी झाला होता.

मुंबईचे चरणजित सिंग यांची कथा अशीच. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणाऱ्या या वादकाने १९८२ साली तीन जपानी यंत्रे जुळवून दहा रागांची तबकडी काढली. त्यांपैकी एक यंत्र खरे म्हणजे गिटारवादकाला साथ देण्यासाठी बनविलेले होते आणि त्या कामात ते फारसे यशस्वीही ठरले नव्हते. परंतु ते एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शके. रागाच्या मींडीला हा गुण मानवतो, हे सिंग यांच्या कानाने हेरले. तबकडीकडे तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशी श्रोते चकित झाले. कारण तिच्यातील नाद अमेरिकेत काही वर्षांनी उदयास आलेल्या नृत्यसंगीताशी विलक्षण जुळत होता. सिंग यांचे २०१५ साली निधन झाले. मात्र वार्धक्यात का होईना, त्यांना आपल्या कामाचा मान पाहता आला.

बंगळूरची पेटी

ही सारी वाद्ये नवलाची. पण घराघरांत शिरली ती वेगळीच. बंगळूरचे जी. राज नारायण हे हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये काम केलेले अभियंते आणि स्वतः संगीताचे उपासक. त्यांनी विजेचा तंबोरा बनविला आणि १९७९ साली तो मद्रासच्या म्युझिक अकादमीच्या वार्षिक संमेलनात रसिकांपुढे ठेवला. पुढे तालासाठी ‘तालमाला’ नावाची पेटीही त्यांच्या ‘रॅडेल’ या उद्योगातून निघाली.

प्रारंभीच्या अशा पेट्यांत आंदोलकांचे स्वर ठराविक क्रमाने छेडले जात आणि हळूहळू विरत. नंतरच्या पेट्यांत खऱ्या तंबोऱ्याचा आवाजच लहानशा चकतीवर साठवून ठेवलेला असतो. आता तर भ्रमणध्वनीवरही तंबोरा मिळतो आणि तो पुष्कळदा फुकट असतो.

याचा लाभ कोणाला झाला? पूर्वी तंबोरा विकत घेणे, तो सांभाळणे, आणि गाताना तो धरून बसणारे माणूस मिळविणे हे सर्वांना साधत नसे. लहान गावातील, एकट्याने रियाज करणाऱ्या मुलामुलींपुढे स्थिर षड्ज कोठून आणावा हाच प्रश्न असे. पेटीने तो सोडविला. पिरियापट्टणसारख्या ठिकाणची मुलगी आज पहाटे उठून एकटी स्वर लावू शकते. ही गोष्ट लहान नाही.

मग हानी कोणती? तंबोरा लावणे हीच एक शिकवण होती. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, सूत हलवायचे, थांबून ऐकायचे, पुन्हा पिळायचे. गुरूकडे राहणारा शिष्य गाण्याआधी कित्येक महिने एवढेच करी, आणि त्यातून त्याचा कान घडे. पेटीचे बटण दाबणाऱ्याचा हा सारा अभ्यास वगळला जातो. त्याला स्वर मिळतो. स्वर लावता येत नाही.

दुसरी काळजी कारागिरांची. मिरजेचे तंबोरे आणि सतारी यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची वार्ता आहे. कडू भोपळा निवडून वाळविणे, तुणीचे लाकूड कोरणे, घोडी घासून जवारी काढणे, ही कामे तेथील घराण्यांच्या हातात दीडशे वर्षांहून अधिक काळ आहेत. पण मानांकन कागदावर असते. तंबोरा मागणारे कान राहिले तरच ती कला टिकेल.

आपल्या हाताने

यावर उपाय पेटी फेकून देणे हा नव्हे. आमच्या मते उपाय असा, की मुलांनी एकदा तरी विजेचा स्वर स्वतः जुळवून पाहावा. विकतच्या यंत्राची खुंटी कारखान्यात पिळलेली असते. स्वतः केलेल्या यंत्राची आपणच पिळावी लागते.

यासाठी ५५५ या क्रमांकाची आठ पायांची आयसी पुरते. हान्स कामेन्झिंड यांनी तिची रचना १९७१ साली केली आणि पुढच्याच वर्षी ती बाजारात आली. आजही ती काही रुपयांत मिळते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याचा पासोड्या विठोबाचा परिसर, बंगळूरचा एस. पी. रोड, कोठेही विचारावे. सोबत नऊ व्होल्टची बॅटरी, लहान स्पीकर आणि पुढील सुटे भाग घ्यावेत.

पहिला पाय बॅटरीच्या ऋण टोकाला. आठवा आणि चौथा धन टोकाला. आठव्या व सातव्या पायांमध्ये १० हजार ओहमचा रेझिस्टर. सातव्या व सहाव्या पायांमध्ये ५० हजार ओहमचा फिरता रेझिस्टर. हीच आपली खुंटी. सहावा आणि दुसरा पाय एकमेकांस जोडून तेथून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ऋण टोकाला. पाचव्या पायापासून ऋण टोकाला ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तिसऱ्या पायातून स्वर बाहेर येतो. तेथे १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालून स्पीकरचे एक टोक जोडावे, दुसरे टोक ऋणाला. घरातील विजेच्या प्लगशी याचा कोणताही संबंध आणू नये, बॅटरीच वापरावी.

आता गणित पाहा. स्थिर रेझिस्टरमध्ये फिरत्याची दुप्पट मिळवावी. फिरता २५ हजारांवर असेल तर बेरीज ६० हजार होते आणि स्वर निघतो सुमारे २४० कंपांचा. तो आपला षड्ज. खुंटी १५ हजारांवर आणली की बेरीज ४० हजार, आणि कंप ३६०. तो पंचम. साठाचे चाळीस, म्हणजे दोन-तृतीयांश. आता वीणेकडे पाहा : तारेची लांबी दोन-तृतीयांश केली की तेथेही पंचमच मिळतो! तार असो वा वीज, निसर्गाचे प्रमाण एकच. बेरीज ४८ हजार केली की शुद्ध गंधार येतो, ४५ हजार केली की मध्यम.

असे दोन संच करावेत. दोघांच्या बॅटऱ्या आणि स्पीकर निरनिराळे ठेवावेत. एकावर षड्ज धरून दुसऱ्याची खुंटी सावकाश पंचमाकडे न्यावी. जवळ येताच ठोके ऐकू येतील : आधी भराभर, मग संथ, मग अगदी विरळ. ते थांबले की पंचम लागला. सुट्या भागांवर छापलेल्या आकड्यांत थोडाफार फरक असतोच आणि खोली तापली की स्वरही किंचित हलतो. म्हणून आकड्यांवर विसंबून चालत नाही. शेवटचा निवाडा कानाचाच.

आवाज कर्कश वाटेल. त्यात जवारीचे माधुर्य नाही. पण त्यामुळेच मूल विचारील, की हा गोड कसा करावा? मग गाळणीचा शोध सुरू होईल. अमेरिकेत फॉरेस्ट मिम्स यांनी १९८० च्या सुमारास अशाच दोन भागांच्या जोडणीतून विचित्र स्वर काढणारे खेळणे सुचविले, ते आजतागायत हौशी लोक बनवीत आहेत. तिकडेच रीड गझाला यांनी १९६६ च्या सुमारास टेबलाच्या खणात ठेवलेला उघडा ॲम्प्लिफायर धातूला लागून गाऊ लागलेला ऐकला, आणि जुन्या खेळण्यांच्या तारा बदलून नवे आवाज काढण्याचा छंद जगाला दिला. अपघाताने निघालेला आवाजही ऐकणारा कान असेल तर वाद्य होतो.

वाचकहो, येत्या सुटीत घरातील मुलांबरोबर हा प्रयोग करून पाहा. दोन स्वरांतील ठोके थांबले तो क्षण त्यांना ओळखता आला, की त्यांना एखाद्या जाणत्या गवयाकडे न्या आणि खऱ्या तंबोऱ्याची खुंटी त्यांच्या हाती द्या. जो आवाज थांबण्याची वाट ते यंत्रापाशी पाहत होते, तोच येथेही थांबेल. आणि त्यानंतर, ज्याची तारच लावलेली नाही तो गंधार, त्यांचा त्यांना ऐकू येईल.